सहर की शहर?

मी दिवसा शाळेत मराठी शिकवते आणि संध्याकाळी घरी मोहल्ल्यातल्या मुलांना उर्दू. २०२० च्या मार्चमध्ये दोन्ही बंद झालं. 'ऑनलाइन क्लास' हा शब्द तेव्हा सगळीकडे ऐकू येत होता, पण पोंभुर्ण्यात त्याचा अर्थ काय तर घरात एक मोबाइल, तो बापाच्या खिशात, बाप शेतावर किंवा तेंदुपत्त्याच्या कामावर. तो रात्री परत आला की मोबाइल मुलांच्या हाती, आणि तोही रेंज असली तर. व्हिडिओचा विचार सोडून दिला. आठ-दहा मिनिटांचा आवाजातला पाठ करायचा, व्हॉट्सॲपवर टाकायचा, ज्याला जेव्हा मोबाइल मिळेल तेव्हा त्यानं ऐकायचा, असं ठरवलं. मराठीचे पाठ शाळेच्या मुलांना, उर्दूचे मोहल्ल्यातल्या अकरा मुलांना.

एप्रिलच्या शेवटी रमजान सुरू झाला. पाठ रेकॉर्ड करायला मला एकच वेळ सापडली, सहरीच्या आधीची. रात्री अडीच-तीनला उठायचं. रस्ता शांत, शेजारी शांत, विजेचा दाबही बरा. छताचा पंखा बंद, कूलर बंद, खिडकी बंद. आमच्याकडे मे महिन्यात रात्री अडीच वाजताही स्लॅब दिवसभराचं ऊन परत देत असतो. दुपट्ट्यानं घाम पुसत मी बोलायचे. आणि घरातला शेवटचा चालू पंखा, जो मला बंद करता येत नव्हता, तो कॉम्प्युटरच्या पोटात घरघरत असायचा.

तुम्ही विचाराल, मोबाइलवर का नाही रेकॉर्ड केलं? केलं होतं. मध्येच कुणाचा फोन यायचा. जीभ एकदा अडखळली की पूर्ण पाठ पहिल्यापासून. कॉम्प्युटरवर चूक तेवढी कापून टाकता येते. शिवाय माझा पंधरा वर्षांचा उर्दूचा सगळा ऐवज, म्हणजे धडे, प्रश्नपत्रिका, इमल्याचे उतारे, त्या कॉम्प्युटरवर इनपेजमध्ये आहे. इनपेजच्या फायली मोबाइलवर उघडत नाहीत. पाठ वाचायचा तर तो पडदा समोर हवा, आणि पडदा हवा तर तो पंखा आलाच.

पहिल्या आठवड्यात शाळेतल्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, तुमच्याइकडं पानी येऊन रायला होता का?" आमच्या झाडीपट्टीत पावसाला पानीच म्हणतात. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, त्या पोराला माझ्या पाठात पाऊस ऐकू आला. मी हसले आणि विसरून गेले. तिथंच थांबून विचार करायला हवा होता.

मग उर्दूचा इमला झाला. इमला म्हणजे श्रुतलेखन. मी दहा वाक्यं सावकाश वाचली, मुलांनी वह्यांत लिहून फोटो पाठवले. त्यात एक वाक्य पहाटेबद्दल होतं. सहर म्हणजे पहाट. अकरापैकी नऊ मुलांनी तिथं 'शहर' लिहिलं. उर्दूत या दोन शब्दांत नुसता सीन-शीनचा फरक नाही. सहरमध्ये बडी हे येते, शहरमध्ये छोटी हे. म्हणजे एका शब्दात दोन चुका. मी चिडले. रमजान चालू आहे, घरोघरी सहरी होते आहे आणि मुलांना सहर लिहिता येत नाही! नऊ जणांना तो शब्द दहा-दहा वेळा लिहायला सांगितला.

त्यातल्या एका मुलीनं दहा वेळा लिहून फोटो पाठवला आणि खाली एक ओळ टाकली, "आपा, आपने शहर ही बोला था."

मला राग आला. कॉम्प्युटरवर पाठ परत ऐकला. 'सहर' स्पष्ट होतं. पण ते मला स्पष्ट होतं, कारण काय वाचलं ते मला आधीच माहीत होतं. मग शेजारणीचा साधा मोबाइल मागून घेतला, ज्यावर तिची मुलं पाठ ऐकायची, आणि त्यावर ऐकलं. पाऊस पडत होता. त्या पावसात एक बाई बोलत होती, आणि ती 'शहर' म्हणत होती.

एकच चूक नऊ मुलांनी केली असेल तर ती मुलांची नसते. वीस वर्षं शिकवते आहे, एवढं मला कळायला हवं होतं.

यात नेमकं काय झालं ते नंतर समजून घेतलं. 'स' आणि 'श' दोन्ही फुसफुसणारे वर्ण. 'श' चा सूर थोडा खालच्या पट्टीत, 'स' चा वरच्या. पंख्याचा आवाजही फुसफुसच, तो सगळ्या पट्ट्यांत थोडा थोडा पसरलेला असतो. मी तो काढून टाकायला ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमधली आवाज गाळायची सोय वापरत होते. तिला आधी नुसत्या पंख्याच्या आवाजाचा नमुना द्यायचा, मग ती तसा आवाज पूर्ण पाठातून खरवडून काढते. पण गाळणीला पंख्याची फुसफुस आणि माझ्या 'स' ची फुसफुस यांतला फरक काय कळणार? थोडा पंखा गेला, थोडा 'स' गेला. उरलंसुरलं स्वस्त मोबाइलच्या बारीक स्पीकरनं संपवलं. जास्त गाळलं तर माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा व्हायचा, कमी गाळलं तर पाऊस.

आमच्या भागात हा फरक बारीकसारीक म्हणता येत नाही. झाडीबोली बोलणाऱ्या घरात 'श' चा 'स' होतो. उर्दूच्या मुलांना राज आणि राज़ वेगळे करायचे असतात. मराठीत 'चार' मधला च आणि 'चूल' मधला च, 'जय' मधला ज आणि 'जर' मधला ज एकाच अक्षरानं लिहितात, पण वेगळे बोलतात. ही वर्णांची जोडी मुलं कानानंच शिकतात, आणि बऱ्याच मुलांना ती कानावर पडायची जागा म्हणजे शिक्षकाचं तोंड. त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे माझं तोंड नव्हतं, नुसता आवाज होता. त्यातलाच 'स' मी हरवून पाठवत होते.

आता त्या कॉम्प्युटरबद्दल. चंद्रपुरातला एक सायबर कॅफे बंद होताना तो आम्ही सेकंडहँड घेतला होता. कोअर टू ड्युओची चिप, जुना डबा. चंद्रपूरच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, एवढ्या जुन्या मशीनला कशाला जीव लावता? सगळं उघडलं की नवीनच घ्या." नवीन घ्यायला पैसेही नव्हते आणि दुकानंही उघडी नव्हती.

त्याआधी मी जे उपाय करून पाहिले होते तेही सांगते, कारण तेच बहुतेक घरांत होतात. डब्याचं एका बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. गरमी थोडी कमी झाली, पण आता एकाऐवजी दोन पंख्यांचा आवाज. वर महिनाभराची धूळ आठ दिवसांत आत गेली आणि एक दिवस पालही आत शिरली. मग कूलर सरळ कॉम्प्युटरकडे वळवला. कूलरच्या वाऱ्यासोबत बारीक तुषार येतात, हे लक्षात यायला स्क्रूंवर तांबूस गंजाचे ठिपके दिसावे लागले. पाणी आणि वीज एका डब्यात घालायचा प्रयोग तिथंच थांबवला.

अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याच खोलीत झोपायच्या. त्यांना दम्याचा त्रास, झोप आधीच कच्ची. त्या घरघरीबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. त्या रात्री मी डोक्याला हात लावून बसले होते तेव्हा त्या खाटेवरूनच म्हणाल्या, "अंदर क्या है इसके?" मी म्हटलं, पंखा आहे, आतली गरमी बाहेर फेकतो. त्या म्हणाल्या, "तो फिर खोल के देख. चूल्हा फूँकने से पहले राख निकालते, बेटा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा अंगणातल्या सावलीत नेला आणि उघडला.

ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो तो पूर्ण पत्र्याचा डबा. खरा सीपीयू म्हणजे आतली आगपेटीपेक्षाही लहान चिप. ती काम करताना तापते. तिच्यावर धातूचा एक ठोकळा बसवलेला असतो, त्याला पातळ पट्ट्या फुटलेल्या असतात. हा हीटसिंक. त्याच्यावर पंखा. चिपची उष्णता धातूत जाते, धातूतून पट्ट्यांत पसरते, पंखा ती हवेत सोडतो. हीटसिंक ॲल्युमिनियमचा असतो, चांगल्यात तांबंही असतं, कारण तांबं उष्णता जास्त वेगानं वाहून नेतं. आमच्याच तालुक्यात ठाणेवासन्याच्या जमिनीखाली तांबं आहे हे इथं बऱ्याच लोकांना माहीत आहे. ते या कामाला येतं हे मला त्या दिवशी कळलं.

पंखा काढला आणि त्याच्याखाली मला पट्ट्या दिसल्याच नाहीत. करड्या रंगाचा नमदा दिसला. धानाचा भुसा, रस्त्याची माती, केस, कापसाचे तंतू, सगळं दाबून एक जाड थर झालेला. पंखा पूर्ण वेगानं फिरत होता आणि हवा त्या नमद्यावर आपटून परत येत होती. चिप तापत होती म्हणून पंखा आणखी वेगानं फिरत होता. अम्मींची राख ती हीच.

यामागचं गणित मी नंतर मुलांनाही शिकवलं. पंख्यानं चिप कधीच खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही. समजा हीटसिंक स्वच्छ आहे आणि चिप हवेपेक्षा तीस अंश वर राहते. खोली पंचवीस अंशांवर असेल तर चिप पंचावन्नला. आमच्याकडे मे महिन्यात खोलीच चाळीसला, म्हणजे चिप सत्तरला. यात आपली काहीच चूक नाही, ती चंद्रपूर जिल्ह्याची देणगी. पण धुळीमुळे तीसचे पन्नास झाले तर चिप नव्वदला जाते, मग मशीन आधी हळू होते आणि नंतर स्वतःला वाचवायला बंद पडते. खोलीचं तापमान आपल्या हातात थोडंच असतं. त्या तीस आणि पन्नासमधला फरक मात्र पूर्ण आपल्या हातात असतो.

आता मी काय केलं ते क्रमानं सांगते. कुणाला उपयोगी पडेल.

वायर काढून ठेवली आणि मग चालू करायचं बटण एकदा दाबलं, म्हणजे आत साठलेली थोडी वीज निघून जाते. डब्याच्या पत्र्याला हात लावला, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. रंगकामाचा नवा कोरडा ब्रश घेऊन नमदा उकरला. शेजारच्यांचा ब्लोअर आणून उरलेली धूळ उडवली. ब्लोअर मारताना पंख्याची पाती पेन्सिलनं अडवून धरली, नाहीतर ती भलत्याच वेगानं फिरतात आणि बेअरिंग जातं. पॉवर सप्लायचा डबा उघडला नाही, कारण वायर काढल्यावरही त्यात धक्का देण्याइतकी वीज राहू शकते. त्याची धूळ बाहेरूनच उडवली. तोंडाला दुपट्टा बांधला होता तरी दिवसभर शिंका आल्या. अम्मींना मी आधीच शेजारी पाठवलं होतं, दम्याच्या माणसानं त्या धुळीत थांबू नये.

हीटसिंक काढताना आणखी एक गोष्ट सापडली. तो चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो. चारपैकी एक खुंटी उचकलेली होती. म्हणजे ठोकळा चिपवर नीट टेकलेलाच नव्हता, एका कोपऱ्यात तिरपा होता. कधीपासून, कुणास ठाऊक. चिप आणि ठोकळा यांच्यामध्ये एक पेस्ट लावलेली असते. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खाचा असतात, खाचांत हवा असते, आणि हवा उष्णता अडवते. पेस्ट त्या खाचा भरून काढते. आमची पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती. ती स्पिरिटनं पुसली. त्या वर्षी घरोघरी सॅनिटायझर होतं, पण ते जेल असतं, मागे चिकट थर ठेवतं, म्हणून ते वापरलं नाही. नवी पेस्ट गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरानं थोडीशी प्लास्टिकच्या पुडीत बांधून दिली. साबुदाण्याच्या दोन दाण्यांएवढी पुरते. जास्त लावली तर फायदा होत नाही, उलट बाजूला ओघळते. खुंट्या कर्णात दाबल्या, आधी एक, मग तिच्या समोरची, चारही टकटक वाजेपर्यंत.

पंख्याचा स्टिकर थोडा उचलून आत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. हार्डडिस्क तिच्या चौकटीत बारीक थरथरत होती, पत्रा तिच्यासोबत गुणगुणायचा. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून मधे घातले, गुणगुण थांबली.

आणि जागा बदलली. कॉम्प्युटर टेबलाला डबा ठेवायला जो खण असतो, त्यातच आम्ही इतकी वर्षं तो कोंबून ठेवला होता, पाठ भिंतीला चिकटवून. मागून निघालेली गरम हवा त्याच खणात फिरून पुढून परत आत जायची. आता डबा दोन विटांवर, मोकळ्यावर, भिंतीपासून वीतभर दूर. पश्चिमेची भिंत टाळली, ती संध्याकाळी तव्यासारखी असते. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तोंड दुसरीकडे, आणि एक खिडकी थोडी उघडी. रेकॉर्डिंगच्या आधी अर्धा तास कूलर चालवून खोली निववायची, मग कूलर बंद, खिडकी बंद. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी झटकन उडतं म्हणून कूलर चालतो. जूनच्या दमट हवेत तो नुसता ओल देतो, तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत तो लावूच नये.

शेवटी दोन सेटिंग. बायोसमध्ये पंख्याचा वेग तापमानाप्रमाणे बदलायची सोय होती, सायबर कॅफेवाल्यानं ती बंद केली होती, ती चालू केली. आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये चिपचा कमाल वेग थोडा खाली आणला. वाचायला आणि रेकॉर्ड करायला तेवढा वेग भरपूर होतो.

कोअर टेम्प नावाच्या छोट्या प्रोग्रॅमवर मी आधीचा आकडा लिहून ठेवला होता, चौऱ्याऐंशी. सफाईनंतर त्याच वेळेला, तेच काम करताना, बासष्ट. आणि पंख्याचा आवाज? मला वाटलं पंखा बंद पडला. वाकून पाहिलं तर सावकाश फिरत होता. पंख्याचा वेग निम्मा झाला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण पंधरा डेसिबलनं उतरतो, आणि दहा डेसिबल उतरले तरी कानाला आवाज जवळजवळ निम्मा वाटतो. म्हणून शांतता पाहिजे असेल तर आधी पंख्याला घाई करायचं कारण उरू नये अशी सोय करायची. मी इतके दिवस आवाज गाळत बसले होते. आवाज कुठून येतो तिकडे पाहिलंच नव्हतं.

हा प्रश्न काही आमच्या घरातल्या डब्यापुरता नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा भारतात घडवलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब होत्या. ट्यूब म्हणजे जवळपास बल्बच. इतके बल्ब एका खोलीत पेटवल्यावर ती खोली थंड ठेवणं हेही एक मोठं काम होतं. अलीकडे पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक बसवला, त्याला चिपपर्यंत पाणी नेऊन थंड करतात. परम या नावाची सुरुवात करणारे विजय भटकर आपल्याच विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे.

आणि लांब कशाला जायचं? आमचं चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र घ्या. कोळसा जाळून वाफ, वाफेनं टर्बाइन, आणि मग ती वाफ थंड करून परत पाणी. थंड करायचं पाणी इरई धरणातून येतं. २०१० च्या उन्हाळ्यात धरणात पाणी कमी पडलं तेव्हा केंद्रातले संच बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रं होती, उष्णता टाकायला जागा नव्हती. माझा कॉम्प्युटर नव्वदला जाऊन बंद पडायचा आणि ते संच बंद पडले, यात मला फार फरक दिसत नाही. कुठलंही यंत्र किती काम करेल हे शेवटी त्याची उष्णता कुठे जाते त्यावर ठरतं.

उर्दू लिहिणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. नस्तालिक लिपी यंत्रात बसायला फार उशीर लागला. अक्षरं एकमेकांवर झुकतात, जोडताना रूप बदलतात. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड हातानं लिहिले, त्यातून नूरी नस्तालिक तयार झालं आणि १९८१ मध्ये उर्दू वर्तमानपत्र संगणकावर जुळवून निघालं. इनपेज आलं १९९४ मध्ये, दिल्लीहून. कातिबाच्या बोरूतून संगणकापर्यंत आलेली ती लिपी माझ्याकडे एका सेकंडहँड डब्यात आहे. दुरुस्तीवाल्याला ते जुनं मशीन वाटलं, यात त्याची चूक नाही. त्याच्यासाठी ते मशीनच होतं.

ईदच्या चार दिवस आधी मी तोच इमला परत रेकॉर्ड केला. गाळणी न लावता. रात्री पावणेतीन वाजता, दुपट्ट्यानं घाम पुसत. नंतर शेजारणीचा तोच मोबाइल आणून त्यावर ऐकला. 'सहर' सहर होती. मागे खूप दूर एक कुत्रा भुंकत होता. मधे एकदा अम्मी कुशीवर वळल्या तर खाट करकरली, तेही आलं होतं. मी ते कापलं नाही.

त्यासोबत अकरा मुलांना दुसरा एक छोटा ऑडिओ पाठवला. "पिछले हफ़्ते इमले में जो ग़लती मैंने तुम्हारी निकाली थी, वो मेरी थी. मेरी रिकॉर्डिंग ख़राब थी. नौ बच्चों को सज़ा मिली, मुझे माफ़ करना." हे बोलायला आठ मिनिटांच्या पाठापेक्षा जास्त वेळ लागला. शिक्षकाला माफी मागायची सवय नसते. वर्गात तर वेळही नसते. घंटा होते, मुलं जातात, आपण विसरून जातो.

मुलांनी अंगठे पाठवले, हसरे चेहरे पाठवले. त्या मुलीनं नवा इमला लिहून पाठवला, दहापैकी दहा. खाली ओळ होती, "आपा, वो दस बार लिखा हुआ काम आ गया. अब सहर नहीं भूलती."

कॉम्प्युटर अजून आहे. दोन वर्षांनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली, तिला फिरणारा भागच नसतो, म्हणून ती आवाज करत नाही आणि तापतेही कमी. दरवर्षी मार्चच्या शेवटी, धानाची धूळ बसल्यावर आणि ऊन चढण्याआधी, मी डबा अंगणात नेते आणि राख काढते. तुमच्याही घरात असा घरघरणारा डबा असेल तर यंदा उन्हाळ्याआधी एकदा उघडा. आणि तुम्ही शिकवत असाल तर वर्गातल्या बहुतेक मुलांनी एकच चूक केली त्या दिवशी लाल पेन खाली ठेवून आधी स्वतःचा पाठ ऐका. दुसऱ्याच्या मोबाइलवर ऐका, स्वतःच्या नको.